शेजारची सीट

नानाखेडा, उज्जैन
मंगळवार, २२ एप्रिल २०२५

प्रिय चिन्मय,
आशीर्वाद.

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. फिजिओथेरपीच्या बाईंनी उजव्या मनगटाला रोज एक पान लिहायला लावा म्हणून सांगितलंय. डायरी मी कॉलेजपासून लिहितो, पण अलीकडे डायरीत मी स्वतःला जरा बरं दाखवायला लागलोय असा मला संशय आहे. म्हणून म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी लिहावं. तुझं नाव सगळ्यांत आधी सुचलं.

फोनवर आपलं बोलणं होत नाही. तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो, आई शेजारी बसलेल्या असतात आणि भाऊबीजेचा विषय निघाला की डोळ्यांना पदर लावतात. इकडे भार्गवी लगेच भाजी काय केली ते विचारते. मग तू म्हणतोस, "बाकी, जिजाजी?" आणि मी म्हणतो, "बाकी ठीक." सहा महिने झाले, मेहुणा आणि भावजी नुसतं 'बाकी' बोलताहेत. म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुझ्या बँकेच्या पत्त्यावर पाठवतोय.

अपघाताच्या दिवसाचं डायरीतलं पान आजवर कोरं होतं. ते काल भरलं. तुला दाखवणं मला योग्य वाटतं, म्हणून तसंच्या तसं उतरवतो:

"४ नोव्हेंबर. भाऊबीज आटोपून देवासहून निघालो. भार्गवी दोन दिवस माहेरी थांबली. मी बसने जातो म्हणालो. सासूबाई म्हणाल्या, जावई बसने जाणार नाही. मी चिन्मयच्या गाडीच्या किल्लीकडे हात केला. सासूबाई म्हणाल्या, जावयाने गाडी हाकायची आणि आमच्या मुलाने शेजारी बसायचं, बरं दिसतं का ते? चिन्मयची गाडी तीन आठवड्यांची, हातही तेवढाच नवा. वाटेत रोजडा, म्हणजे नीलगाईचा नर, आडवा आला. गाडी पुलियाला, ओढ्यावरच्या छोट्या पुलाला, धडकून खाली शेतात उलटली. चिन्मयला कपाळावर सहा टाके. मला मांडीचं हाड, दोन बरगड्या, उजवं मनगट."

यात एक ओळ कमी आहे. कुठली, ते मला माहीत आहे. आज नको.

आता आनंदाची बातमी. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. मी काठी टाकली. भार्गवीने ती माळ्यावर ठेवली, म्हणाली, तुझ्या म्हातारपणी लागेल, नवी घ्यायला नको. आमचे मालक भय्यासाहेब यांना भेटून आलो. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "पराग, तुझा ट्रक तुझाच आहे. पण एक फेरी आधी बद्रीलालच्या शेजारी बस. भुसावळपर्यंत तो चालवेल, तू बघ. येताना तू चालव, तो बघेल. तो हो म्हणाला की गाडी तुझी." बद्रीलाल आमच्यातले सगळ्यांत जुने ड्रायव्हर, तराण्याकडचे. गुरुवारी निघायचं आहे. पोह्यांची पोती घेऊन जायचं, केळी घेऊन यायचं. सोपं काम आहे.

तू गाडी चालवतोस ना? ती दुरुस्त होऊन आली असं कळलं.

तुझा,
पराग


हाटपिपल्या
सोमवार, २८ एप्रिल

ती. जिजाजी,
वाकून नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा ब्रँचमध्ये खळबळ माजली. हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट म्हणजे तक्रार, असा आमच्या मॅनेजरसाहेबांचा अनुभव. मी फोडून वाचेपर्यंत ते समोर उभे होते. "घरचं आहे" म्हटल्यावर बिचारे जरा निराश झाले.

तर अभिनंदन! एव्हाना तुम्ही भुसावळ गाठून परतही आला असाल. बद्रीलालजींनी पास केलं ना? करणारच. तुमच्यासारख्याची परीक्षा घ्यायची म्हणजे खरं तर त्यांचीच परीक्षा. मी मृण्मयीला सांगितलं, जिजाजी परत लाइनवर आले. ती म्हणाली, चला, आता तरी तुमचा चेहरा सरळ होईल. बायकांना काहीही दिसतं.

गाडी एकदम फर्स्ट क्लास झाली आहे. डेंटिंग, पेंटिंग, नवी काच. कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही. रोज देवास ते हाटपिपल्या तिच्यानेच जातो-येतो. टेन्शन नाही. परवा तर मजाच झाली. एक कोंबडी माझ्या मांडीवर येऊन बसली ती हाटपिपल्या येईपर्यंत उठेना. उतरलो तर पॅन्टवर पुरावा. कॅशियर म्हणाला, साहेब, डिपॉझिट मिळालं वाटतं.

उज्जैनला यायचं फार मनात आहे, पण आधी मार्च एंडिंग होतं, आणि मार्च एंडिंगनंतर ते संपवण्याचं एंडिंग असतं. बघतो.

ती एक ओळ कुठली, ते विचारत नाही. मला वाटतं मला माहीत आहे. तुम्ही चांगले आहात म्हणून लिहिली नाहीत.

तुमचा,
चिन्मय


उज्जैन
शनिवार, ३ मे

प्रिय चिन्मय,

आधी कोंबडीबद्दल.

तुझं पत्र वाचून मी खूप हसलो. मग रात्री डायरी लिहायला बसलो आणि हसू थांबलं. गाडी तुझी, चालवणारा तू, काचा नव्या, उन्हाळ्यामुळे एसी लावलेला. त्यात कोंबडी आली कुठून? आणि गाडी चालवणारा माणूस मांडीवर कोंबडी घेऊन इतका वेळ बसेल का? कोंबडी कुणाच्या तरी टोपलीतून निसटते आणि शेजारच्याच्या मांडीवर बसते, ती बसमध्ये. चिन्मय, तू बसने जातोस. गाडी कव्हर घालून अंगणात उभी असणार. मी भार्गवीला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

तुझं खोटं पकडल्यावर दोन मिनिटं मला बरं वाटलं, हे कबूल करतो. मग वाटलं, हा हक्क मला कुणी दिला? कारण मी भुसावळला गेलोच नाही.

गुरुवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. बद्रीलाल गाडी चालवतात म्हणजे पाण्यातून नाव जावी तशी. रस्ता मोकळा होता, हवा छान होती. शहराबाहेर पडेपर्यंत मी ठीक होतो. मग पुढे एक मोटारसायकल आली आणि माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, ब्रेक दाबावा तसा. शेजारच्या सीटखाली ब्रेक नसतो, हे मला माहीत आहे. पायाला माहीत नव्हतं. पुढे बैलगाडी दिसली, दाबला. सायकल दिसली, दाबला. काहीच दिसलं नाही तरी दाबला. सांवेर येईपर्यंत रॉड घातलेली मांडी सुजली आणि शर्ट पाठीला चिकटला. मी बद्रीलालना सांगितलं की पोट बिघडलंय, उतरतो. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, बिसलेरीची बाटली हातात दिली आणि ट्रक पुढे काढला. मी बसने परत आलो, सगळ्यांत मागच्या सीटवर बसून, जिथून रस्ता दिसत नाही.

भार्गवीला म्हणालो, "फेरी झाली नाही." वाक्य खरं आहे. ऐकणाऱ्याला वाटावं की माल तयार नव्हता, अशा बेताने ते बोललो. बी.ए.ला तर्कशास्त्र घेतल्याचा एवढाच उपयोग झाला.

स्टेअरिंगची मला भीती नाही. आवारात मी ट्रक मागेपुढे करून बघितला, हात पूर्वीसारखाच चालतो. भीती वाटते ती दुसरा चालवत असताना शेजारी बसायची. आणि भय्यासाहेबांची अट नेमकी तीच. त्यांनी मेअखेरपर्यंत वेळ दिली आहे. जूनपासून ट्रक उभा ठेवणं त्यांना परवडणार नाही, दुसऱ्याला देतील. त्यात त्यांची चूक नाही. एकोणीस वर्षं मी तो ट्रक चालवला आणि आता बसता येत नाही म्हणून तो जाणार. हे कुणाला सांगायचं, सांग. लोक हसतील. मलाही हसू येतंय, पण पाय दुखतोय.

खरं खरं लिही.

पराग


देवास
शुक्रवार, ९ मे

ती. जिजाजी,

कोंबडीने दगा दिला. बँकेत आम्ही खोट्या सह्या पकडतो आणि मी एका कोंबडीवरून पकडला गेलो.

होय, गाडी अंगणात आहे. कव्हरवर आई कुरडया वाळत घालते. तिचं म्हणणं, इतकी छान उन्हं दुसरीकडे कुठे पडत नाहीत. किल्ली देवघरात कुंकवाच्या कोयरीशेजारी आहे. दुरुस्त होऊन आल्यापासून मी एकदाही स्टार्ट केलेली नाही. एकदा बसलो होतो. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, बेल्ट लावला आणि वीस मिनिटांनी उतरलो. मृण्मयी खिडकीतून बघत होती. उतरल्यावर तिने चहा दिला.

तुमच्या डायरीत कुठली ओळ कमी आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून मीच लिहितो. चिन्मय रस्त्याकडे बघत नव्हता. ही ती ओळ.

मी तुमच्याकडे बघत होतो. त्याआधी तुम्ही दोनदा म्हणाला होता, "गिअर बदल." मी म्हणालो, "जिजाजी, आज तुम्ही पाहुणे आहात, डोळे मिटून आराम करा." तुम्ही खरंच गप्प बसलात. मग मला चैन पडेना. ज्याने एवढे ट्रक हाकले त्याला माझं ड्रायव्हिंग पसंत पडलंय का, हे तोंडावर दिसतंय का, ते बघायला मी मान वळवली. समोर बघितलं तेव्हा रोजडा आलाच होता. पोलिसांना मी सांगितलं, जनावर अचानक आलं. ते अचानक नव्हतं आलं. मी अचानक बघितलं.

सहा महिने मी उज्जैनला आलो नाही तो एंडिंगमुळे नाही. तुम्ही काठी टेकत दार उघडाल आणि म्हणाल, "ये, ये, बस", ते मला सहन झालं नसतं. आणि आता ऐकतोय की तुम्हाला गाडीत बसता येत नाही. म्हणजे पाय मोडला तेवढ्यावर भागलं नाही. तुमचं काम जातंय ते माझ्यामुळे जातंय. मी भय्यासाहेबांना येऊन भेटू का? सांगतो त्यांना सगळं.

चिन्मय


उज्जैन
मंगळवार, १३ मे

प्रिय चिन्मय,

भय्यासाहेबांना भेटू नकोस. ते तुला चहा पाजतील, तुझ्या आजोबांची चौकशी करतील आणि अट तीच ठेवतील.

माझ्या डायरीत कमी असलेली ओळ तू लिहिलीस ती नव्हे. तू मान वळवलीस हे मला माहीतसुद्धा नव्हतं. माझी ओळ अशी: रोजडा मला आधी दिसला होता.

सोयाबीन काढलेल्या शेतातून तो रस्त्याकडे येत होता. धावत नव्हता, दुडक्या चालीने. एकोणीस वर्षांत मी अशी शेकडो जनावरं बघितली. हे रस्ता ओलांडणार, हे मान बघूनच कळतं. माझ्याकडे तीन सेकंद होते, चारही असतील. "रोजडा" एवढा एक शब्द म्हणायला एक सेकंद पुरतो. मी म्हणालो नाही.

का, हे मी सहा महिने तपासतोय. पहिलं उत्तर असं की जावयाने मध्ये मध्ये बोलू नये. घरून निघताना तसंच ठरलं होतं. हे उत्तर मला आवडतं, म्हणूनच मला त्याचा भरवसा नाही. दुसरं उत्तर: तू गप्प बस म्हणालास आणि मला राग आला. मनात आलं, पाहुणा आहे ना मी? मग पाहुण्यासारखा बसतो. तुला जरा दचकू दे, ब्रेक मारावा लागू दे, म्हणजे कळेल. तुझं वाईट व्हावं असं नव्हतं, पण तू दचकावंस असं नक्की होतं. तिसरं, आणि हे लिहायला सगळ्यांत अवघड: मला ती सीट आवडली होती. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल वाहिला. त्या दिवशी कपाळाला कुंकू, हातात चकल्यांचा डबा, आणि कुणीतरी मला घेऊन जात होतं. ते सुख मला मोडायचं नव्हतं.

तिन्ही खरी असतील. प्रमाण मला ठरवता येत नाही.

तेव्हा तू एकटा अपराधी असल्यासारखा कुरडयांआड लपू नकोस. तू रस्ता बघत नव्हतास आणि मी बघून बोललो नाही. पुलियाला आपण दोघांनी मिळून धडक दिली.

आता माझं एक काम कर. ट्रकच्या आधी मला दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी बसून बघायचं आहे. भार्गवीच्या स्कूटीवर मागे बसून पाहिलं. ती म्हणाली, तू मला इतका घट्ट धरलंस तर लोक आपल्याला नवं जोडपं समजतील. ई-रिक्षात बसलो, पण सिंहस्थाच्या खोदकामामुळे ती इतकी हळू जाते की भीती वाटायला जागाच नाही. मला खरी गाडी, खरा रस्ता हवा. तू मला देवासहून उज्जैनला आणून सोड. तोच रस्ता. ते काम अर्धं राहिलंय.

नाही म्हणालास तर समजेन. पण भीत भीत विचारलेलं नाही, हे लक्षात ठेव.

पराग


देवास
शनिवार, १७ मे

जिजाजी,

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. दोन दिवस मी तुमच्यावर चिडलो होतो. सहा महिने मला झोप नाही आणि तुम्हाला दिसलं होतं? एक शब्द, जिजाजी. तुम्ही पलंगावर पडून मला आशीर्वाद पाठवत होता आणि मी इकडे देवासमोर कान पकडून उभा असायचो. काल रात्री तुम्हाला एक कडक पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, म्हणजे किती चिडलो होतो बघा. सकाळी वाचलं तर कर्जवसुलीच्या नोटिशीसारखं वाटलं. फाडून टाकलं.

मग बसमध्ये मला एकदम हसू आलं. तुमचा राग आला म्हणजे काय झालं, तर तुमच्यावर रागावता आलं. गेले सहा महिने तुमचं नाव काढलं की नुसती मान खाली जायची. शेजारचा माणूस विचारायला लागला, भिया, लॉटरी लगी क्या?

तर येतो. म्हणजे तुम्ही या. पण एक घोटाळा झालाय. तुमचं पत्र माझ्या शर्टाच्या खिशात राहिलं आणि शर्ट धुवायला गेला. आईने खिसा तपासला. खाली तिने स्वतः लिहिलंय. मला वाचू दिलेलं नाही, पेन मागून घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

चिन्मय

*परागराव यांस,*
*पत्र चुकून वाचलं असं मी म्हणणार नाही. खिशातून काढलं, उलगडलं, चष्मा आणला आणि वाचलं. तुम्ही दोघं कोण जास्त चुकलं त्याची वाटणी करताय. किल्ली कुणी काढून घेतली? लोक काय म्हणतील म्हणून मी काढून घेतली. लोक त्या दिवशी शेतात आले नव्हते, आली ती अँब्युलन्स. येताना बसने यायची लाज बाळगू नका. पुढच्या रविवारी या. आमरस करते. मीपण गाडीत बसणार आहे, मागे. नको म्हणू नका.*
*शोभा*


उज्जैन
बुधवार, २१ मे

प्रिय चिन्मय,

स्पीड पोस्टने पाठवतोय, नाहीतर पत्राआधी मीच पोचायचो.

रविवारी सकाळच्या बसने येतो. तू चिडलास हे वाचून बरं वाटलं. बरं वाटणं योग्य आहे की नाही, हे अजून ठरवलेलं नाही. आईंना सांग, आमरसानंतर लगेच निघायचं नाही, पुरणासारखीच त्याने झोप येते. चारनंतर निघू. कुरडया आधी उतरव. टायरमधली हवा तपास. सहा महिने उभी गाडी आहे.

आणि एक ठरवून टाकू. मला जे दिसेल ते मी बोलणार. तू "पाहुणे" म्हणायचं नाही.

पराग


देवास
सोमवार, २६ मे

ती. जिजाजी,

तुम्हाला सोडून आई आणि मी आज सकाळी परत आलो. गाडी मी चालवली. अंगणात लावली आणि कव्हर घातलं नाही. आता आईला कुरडयांसाठी गच्ची चढावी लागणार. ती म्हणाली, चढीन.

कालचं सगळं तुम्ही डायरीत लिहिलंच असणार, पण तुम्ही समोर बघत होता आणि मी पण (शपथ) समोर बघत होतो, म्हणून बाकीचं कुणाला दिसलं ते कळवतो. आईला दिसलं. ती मागे मधोमध बसली होती, मांडीवर लोणच्याची बरणी, दोन्ही सीटच्या मधून डोकं पुढे काढून. घरी आल्यावर तिने मृण्मयीला जे सांगितलं ते असं.

देवास सुटेपर्यंत तुम्ही बोललातच नाही. मी तिसऱ्या गिअरमध्ये चाललो होतो, मागून लोक हॉर्न देत होते. मग आईच म्हणाली, "परागराव, ती समोर सायकल आहे ना?" तुम्ही म्हणालात, "आहे. दुधाच्या कॅन आहेत. डुगडुगतोय." आणि मग जे सुरू झालात ते उज्जैनपर्यंत. "ट्रॅक्टर, त्याला दिवा नाही. डावीकडे कुत्रा, बसलेला. ती बाई ओलांडणार, तिने पदर खोचला." आईने विचारलं, बसलेल्या कुत्र्याचं पण सांगायचं असतं का? तुम्ही म्हणालात, "तो उठू शकतो." त्यानंतर आई पण सांगायला लागली. तिला फक्त देवळं दिसत होती, पण सांगत होती.

पुलिया आली. मला वाटलं होतं आपण थांबू, उतरू, काहीतरी होईल. तुम्ही म्हणालात, "पुलिया. रस्ता मोकळा. गिअर बदल." मी बदलला. एवढंच झालं. पुलिया मागे गेली. त्या शेतात आता नांगरट झाली आहे, ढेकळं आहेत नुसती. कुठे काय घडलं होतं ते सांगताही येणार नाही.

तुमच्या पायाचं आईने सांगितलं. म्हणाली, निघाल्यापासून त्यांचा उजवा पाय शिवणमशीन चालवावी तसा चालला होता. पुलियानंतर कमी झाला. शेवटी दोन्ही पाय काढून मांडी घालून बसले, चपला खाली.

तुम्ही मांडी घालून बसला होता, जिजाजी? मला दिसलं नाही. मी रस्ता बघत होतो.

गुरुवारी बद्रीलालजींबरोबर निघताय ना? कळवा. फोनवर नको, पत्रानेच कळवा. मॅनेजरसाहेब आता वाट बघतात. परवा म्हणाले, जिजाजींचं पुढे काय झालं?

तुमचा,
चिन्मय


उज्जैन
रविवार, १ जून

प्रिय चिन्मय,

मॅनेजरसाहेबांना नमस्कार सांग.

बुधवारी मी बद्रीलालना जाऊन खरं सांगितलं की त्या दिवशी पोट बिघडलं नव्हतं. ते बिडी विझवत म्हणाले की ते सांवेरलाच समजलं होतं. पोट बिघडलेला माणूस पोट धरतो, तू खिडकीची दांडी धरली होतीस. मग मी त्यांना म्हणालो की दादा, या वेळी मी रस्ताभर बोलत राहणार, तुम्हाला चालेल का? चाळीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला "समोर सायकल आहे" असं सांगायचं म्हणजे अपमानच. त्यांनी दुसरी बिडी पेटवली आणि म्हणाले, "बोल. म्हारो रेडियो भी खराब पड्यो है."

मी भार्गवीलाही सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला वाटलंच होतं, माल तयार नसता तर तू त्या पोह्यांच्या गिरणीवाल्याला दोन पानं शिव्या दिल्या असत्यास.

गुरुवारी सहाला निघालो. सांवेर आलं तेव्हा मांडी दुखत होती, पण सुजली नव्हती. मी बोलत होतो. इंदूरच्या बायपासला बोलत होतो. सिमरोलच्या घाटात मात्र बोलणं बंद पडलं. वळणावर समोरून बस आली, दरीच्या बाजूला मी, आणि पाय पुन्हा दाबायला लागला. उतरतो म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात वळणापलीकडे, आमच्याच बाजूला, मेंढ्या दिसल्या. राजस्थानी धनगर कळप घेऊन वर येत होता. मी म्हणालो, "दादा, भेड़ें. बाएं."

"दिख री है," बद्रीलाल म्हणाले. त्यांनी आधीच वेग कमी केला होता. मग मी बोलत राहावं म्हणून म्हणाले, "पण तू बोलतो रे. अच्छो लागे."

मी उतरलो नाही. कळप जाईपर्यंत आम्ही थांबलो. एक कोकरू धनगराच्या खांद्यावर होतं, त्याने आमच्याकडे मान वळवून बघितलं. घाट उतरल्यावर मी काय काय बोललो ते आठवत नाही. खंडव्याच्या अलीकडे मी तुझं आणि कोंबडीचं सांगत होतो, एवढं आठवतं. म्हणजे रस्त्याचं सोडून दुसरं बोलत होतो. भुसावळला संध्याकाळी पोचलो. पोती उतरली. ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. तिखटाने दोघांच्या डोळ्यांत पाणी, आणि त्याबद्दल कुणाला काही खुलासा करावा लागला नाही.

शुक्रवारी सकाळी केळी भरून निघालो. बद्रीलालनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः पलीकडून चढले. मी आरसे नीट केले. मनगट पहिल्या गिअरला जरा करकरलं, नंतर नाही. रावेर गेलं, बुऱ्हाणपूर गेलं. बद्रीलाल सरळ बसून समोर बघत होते, एक शब्द बोलत नव्हते. मला वाटलं, परीक्षक असाच असतो. मनात सगळ्या शंका आल्या: क्लच जास्त दाबतोय का, वेग कमी आहे का, मघाशी त्या जीपला जागा द्यायला हवी होती का. असीरगडाच्या चढाला मी हळूच विचारलं की दादा, काही चुकतंय का?

उत्तर आलं नाही. बघितलं तर डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड उघडं, टोपी मांडीवर. ते घोरत होते.

चिन्मय, बद्रीलाल दुसऱ्या कुणाच्या गाडीत डोळा मिटत नाहीत. भय्यासाहेब स्वतः चालवत असले तरी नाही. आवारात सगळ्यांना हे माहीत आहे. आता भय्यासाहेबांना ते काय सांगतात, हो म्हणतात की नाही, ते विचारायची मला गरज उरली नाही. (हो म्हणाले. उद्या सकाळी सहाला मी नाशिकसाठी निघतोय, माझ्या ट्रकने.)

खंडव्यापर्यंत ते तसेच झोपले होते. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी तोवर हॉर्न वाजवला नाही.

नाही, एकदा वाजवला. म्हैस होती.

तुझा,
पराग